केबलच्या खालच्या टोकाला अँटेना मोजताना: स्मिथ चार्ट कसा वाचायचा

तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडते, म्हणजे माझा काही गैरसमज झाला असेल तर लगेच सांगता येईल. १४५ मेगाहर्ट्झसाठी तीन एलिमेंटचा (दांड्यांचा) यागी, म्हणजे एका दिशेला रोखलेला अँटेना, तुम्ही गच्चीवर उभा केलात. तिथून खाली खोलीपर्यंत पाच मीटर आरजी-५८ कोॲक्सियल केबल (मधे तार, भोवती जाळी) आहे. केबलच्या खालच्या टोकाला नॅनोव्हीएनए (इम्पीडन्स, म्हणजे एसी प्रवाहाला होणारा एकूण विरोध, मोजणारं छोटं उपकरण) लावलात तेव्हा ५६ + जे२८ ओम आले (पहिला आकडा रेझिस्टन्सचा, 'जे'चा रिॲक्टन्सचा), एसडब्ल्यूआर १.७ (जुळणी किती बिघडलीय त्याचं माप, १ म्हणजे अचूक). रिॲक्टन्स अधिक चिन्हाचा आहे म्हणजे इंडक्टिव्ह (कॉइलसारखा), इंडक्टिव्ह म्हणजे एलिमेंट लांब, असा विचार करून ड्रिव्हन एलिमेंट (केबल जिला जोडतात ती दांडी) दोन्ही बाजूंनी दीड-दीड सेंटीमीटर कापलंत. आता २८ + जे१९ दिसतंय आणि एसडब्ल्यूआर २.१ झालाय. अजूनही इंडक्टिव्हच, वर आणखी बिघडलेलं. तेव्हा आणखी कापायचं का, हा तुमचा पहिला प्रश्न. आणि मोबाइलवर कॅल्क्युलेटर असताना 'कोळ्याच्या जाळ्यासारखा दिसणारा' स्मिथ चार्ट कशाला शिकायचा, हा दुसरा.

पहिलं म्हणजे करवत खाली ठेवा. माझा अंदाज असा आहे की तुमचा अँटेना या घडीला कॅपॅसिटिव्ह (कपॅसिटरसारखा, रिॲक्टन्स उणे) आहे, म्हणजे आखूड. इंडक्टिव्ह दिसतंय ते केबलचं खालचं टोक. नॅनोव्हीएनए खोटं बोलत नाहीये. त्याला तुम्ही जिथे जोडलंय तिथला इम्पीडन्स तो सांगतोय, आणि तुम्ही पाच मीटर वरचं ॲल्युमिनियम कापताय. आजार रेड्याला आणि डाग पखालीला, त्यातला प्रकार. तुमच्या दोन्ही प्रश्नांचं उत्तर इथेच आहे, कारण ही चूक आकडे बघून कळत नाही आणि चार्टवर मात्र चटकन दिसते.

चार्टची भीती का वाटते ते मला माहीत आहे. कॉलेजात तो शेवटून शिकवतात. आधी वर्तुळांची समीकरणं, मग स्टबची (जुळणीसाठी समांतर जोडलेल्या केबलच्या तुकड्याची) गणितं, आणि हे सगळं कशासाठी ते परीक्षेनंतर. मी उलट्या बाजूने सांगते.

केबलमधून अँटेनाकडे लाट जाते आणि तिचा काही भाग परत येतो. किती परत आला आणि येताना त्याची फेज किती सरकली, या दोन गोष्टी मिळून परावर्तन गुणांक होतो. तो एका गोल चकतीवर ठिपका म्हणून मांडता येतो. ठिपका मध्यापासून जितका लांब, तितकं परावर्तन जास्त. तो कोणत्या दिशेला आहे, ती फेज. मधोमध म्हणजे काहीच परत येत नाही, कडेला म्हणजे सगळंच्या सगळं परत. चार्ट खरं तर एवढाच आहे, एक कोरी चकती. गोंधळ होतो तो तिच्यावर रेझिस्टन्स आणि रिॲक्टन्सच्या रेषा छापल्यामुळे. आलेखाच्या कागदावर या रेषा सरळ असत्या, चकतीत कोंबल्यामुळे त्या वर्तुळं आणि कमानी झाल्या. अनंतापर्यंतचे सगळे रेझिस्टन्स एका चकतीत मावतात ते या वाकण्यामुळेच.

लक्षात ठेवायचं ते एवढंच. मध्य म्हणजे ५० ओम. उजवं टोक ओपन, डावं टोक शॉर्ट. आडव्या रेषेच्या वर इंडक्टिव्ह, खाली कॅपॅसिटिव्ह. छापील चार्टवर मध्याला १ लिहिलेलं असतं, म्हणून आपला आकडा आधी ५०ने भागून घ्यायचा. तुमचे २८ + जे१९ झाले साधारण ०.५७ + जे०.३७. हा ठिपका मध्याच्या डावीकडे, वरच्या अर्ध्यात पडतो.

आता या वाकड्या रेषांचा मोबदला काय मिळतो ते बघा. केबलमधून पुढेमागे सरकलं की परत येणाऱ्या लाटेची फेज बदलते, आकार तोच राहतो (केबलमधली घट क्षणभर बाजूला ठेवू). म्हणजे चकतीवरचा ठिपका मध्याभोवती नुसता गोल फिरतो. सूत्राने करायचं तर टॅन्जंट, कॉम्प्लेक्स संख्यांचा गुणाकार, मग भागाकार. चार्टवर मात्र कंपासचं टोक मध्यात रोवायचं आणि पेन्सिल फिरवायची. अर्ध्या तरंगलांबीला एक पूर्ण फेरी, कारण लाट जातेही आणि येतेही. मशीनकडे सरकताना घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने, अँटेनाकडे सरकताना उलट. छापील चार्टच्या काठावर हेच तरंगलांबीच्या मापात लिहिलेलं असतं, शून्यापासून ०.५ पर्यंत.

हा चार्ट बेल लॅब्जमधल्या फिलिप स्मिथ यांनी जानेवारी १९३९ मध्ये 'इलेक्ट्रॉनिक्स' या मासिकात छापला. जपानमध्ये तोसाकु मिझुहाशी यांनी १९३७ मध्येच असा चार्ट मांडला होता आणि सोव्हिएत संघात व्होल्पर्ट यांनी १९३९ मध्ये स्वतंत्रपणे. तिघांनाही हातात स्लाइड रूल असताना रोज तोच कंटाळवाणा हिशेब करावा लागत असणार. स्मिथ स्वतः हौशी रेडिओवाले होते, म्हणजे गच्चीवर उन्हात उभं राहून अँटेनाशी भांडणाऱ्या आपल्या जमातीतलेच.

आता तुमचा ठिपका फिरवू. १४५ मेगाहर्ट्झची हवेतली तरंगलांबी २.०७ मीटर. पॉलिथिनच्या आरजी-५८मध्ये लाट प्रकाशाच्या ०.६६ पट वेगाने जाते, तेव्हा केबलमधली तरंगलांबी १.३६५ मीटर. पाच मीटर म्हणजे ३.६६ तरंगलांब्या. त्यातल्या साडेतीन म्हणजे बरोबर सात फेऱ्या, त्या सोडून द्यायच्या. उरतं ०.१६३. तुमचा ठिपका काठावरच्या मापात ०.०७५वर आहे. अँटेनाकडे जायचं म्हणून उलट दिशेने ०.१६३ मागे यायचं, की शून्य ओलांडून ०.४१२वर पोहोचतो. ही जागा आडव्या रेषेच्या खाली आहे, म्हणजे कॅपॅसिटिव्ह. तिथला आकडा वाचला तर साधारण ३० − जे२२ ओम.

त्यात घटीची दुरुस्ती करायला हवी. आरजी-५८ला या फ्रिक्वेन्सीला मीटरमागे साधारण ०.२ डेसिबल घट असते. पाच मीटरला एक डेसिबल जाताना, एक येताना. परत आलेली लाट खाली पोहोचेपर्यंत दोन डेसिबलने दबलेली असते, म्हणून ठिपका वरच्यापेक्षा मध्याच्या जवळ दिसतो. दोन डेसिबल म्हणजे अंतर सुमारे सव्वापटीने वाढवून घ्यायचं. तसं केलं की वरचा आकडा येतो २५ − जे२५, एसडब्ल्यूआर २.६. खाली दिसणाऱ्या २.१मध्ये केबलने केलेली खुशामत मिसळलेली आहे.

कापण्याआधीचा ५६ + जे२८ हा ठिपकाही असाच वर नेऊन बघा. तो साधारण २५ ओमवर, रिॲक्टन्स जवळजवळ शून्य, असा येतो. म्हणजे तुमचा यागी आधी अगदी रेझोनन्सवर होता. तीन एलिमेंटच्या यागीला २५ ओम येणं यात काही वावगं नाही. लांबीचा दोष नव्हताच, फक्त २५ आणि ५० यांची गाठ घालून द्यायची राहिली होती.

हे सगळं मी 'साधारण' म्हणत सांगतेय, आणि ते का, हे समजून घ्या. केबल मोजताना तुम्ही दहा सेंटीमीटरची गल्लत केली असेल (कनेक्टर धरले, नाही धरले, वर सोललेली दोन टोकं धरली, नाही धरली), तर ठिपका ५३ अंशांनी सरकतो. वेगाचा आकडा ०.६६ऐवजी ०.६५ असेल तर ४१ अंशांनी. फोमची केबल असेल तर तो आकडा ०.७८च्या आसपास जातो आणि मग माझा सगळा हिशेब केराच्या टोपलीत टाका. हीच दहा सेंटीमीटरची चूक ७ मेगाहर्ट्झवर केली असती तर ठिपका जेमतेम अडीच अंश हलला असता. म्हणून कमी फ्रिक्वेन्सीच्या एचएफवरून तुमच्या १४५ मेगाहर्ट्झसारख्या व्हीएचएफवर आलेली अनुभवी माणसंही इथे ठेचकाळतात. तिकडे खपून जाणारी ढिलाई इकडे खपत नाही.

तेव्हा एवढं ठरलं की तुमचा आकडा खोटा नाही, तो खालच्या टोकाचा आहे. वर काय आहे त्याचा अंदाज मी बांधला, पण अंदाजावर कापाकापी करायची नसते. वरच मोजायला हवं.

नॅनोव्हीएनए हातात घेऊन शिडीवर चढलात तरी चालेल, पण तुमचं शरीर अँटेनाच्या इतकं जवळ असताना मोजमाप हलतं. मी करते ते असं. केबल आहे तिथेच ठेवते, नॅनोव्हीएनए खालीच ठेवते आणि कॅलिब्रेशन (माहीत असलेल्या गोष्टी जोडून उपकरणाने कुठून मोजायचं ते ठरवणं) केबलच्या वरच्या टोकाला करते. ओपन, शॉर्ट, लोड हे तिन्ही वरच्या टोकाला लावायचे. नॅनोव्हीएनएच्या डब्यात मिळणारे एसएमए कनेक्टरचे तुकडे सोललेल्या टोकाला बसणार नाहीत, म्हणून हाताने करायचे. ओपन म्हणजे टोकं तशीच मोकळी. शॉर्ट म्हणजे तांब्याची छोटी पट्टी, टोकांना आडवी सोल्डरचा डाग देऊन बसवलेली. लोडसाठी १०० ओमचे दोन एसएमडी (बिनपायांचे) रेझिस्टर समांतर, शक्य तितके जवळ. पायांचे जुने रेझिस्टर वापरणार असाल तर पाय मुळापाशी कापा. सरळ तारेला मिलिमीटरमागे साधारण एक नॅनोहेन्री धरतात. दोन सेंटीमीटर मोकळी तार म्हणजे २० नॅनोहेन्री, आणि १४५ मेगाहर्ट्झला ते १८ ओम होतात. तुमची सोललेली टोकं जेवढी आहेत तेवढ्यांसकटच कॅलिब्रेशन करा, म्हणजे त्यांचाही हिशेब त्यातच होऊन जातो.

हे काम दोघांचं आहे. एक वर, एक खाली, आणि मोबाइल स्पीकरवर. मी वर असते तेव्हा माझा भाचा खाली बटणं दाबतो. त्याचा आणि माझा सगळ्यात मोठा वाद झाला होता तो 'शॉर्ट लावलं का' याला त्याने 'हो' म्हणण्यावरून. वर पट्टी माझ्याच हातात होती.

कॅलिब्रेशन झाल्यावर तपासायचं कसं? पट्टी पुन्हा लावा. पडद्यावरच्या चार्टवर ठिपका डाव्या टोकाला एका जागी घट्ट बसायला हवा, १४० ते १५० मेगाहर्ट्झ स्वीप केला (फ्रिक्वेन्सी सरकवत नेली) तरी. टोकं मोकळी सोडली की उजव्या टोकाला. ठिपक्याऐवजी कमान दिसली तर काहीतरी चुकलंय, परत करा. कॅलिब्रेशन केबलच्या खालच्या टोकालाच ठेवून १०० ते २०० मेगाहर्ट्झ स्वीप कराल तर पडद्यावर चक्क जिलबी दिसते. पाच मीटर केबल तेवढ्या पट्ट्यात पाच वेढे घालते. ती जिलबी अँटेनाची आहे असं समजून घाबरलेले लोक मी पाहिलेत. एकदा एका मुलाने तिचा फोटो पाठवून 'मॅडम, अँटेनाला पाच रेझोनन्स आहेत' असं कळवलं होतं.

समजा वर मोजल्यावर खरंच २५ − जे२५च्या आसपास आलं. मग तुमचं नशीब जोरावर आहे, कारण बिघडवलंय असं वाटत असताना तुम्ही नकळत हेअरपिन मॅचची (फीडपॉइंटला, म्हणजे केबल अँटेनाला मिळते तिथे, वाकवलेली तार समांतर जोडून करायच्या जुळणीची) अर्धी तयारी करून ठेवलीत. हे चार्टवर इतकं सुंदर दिसतं की मी शिकवताना मुद्दाम हेच उदाहरण घेते.

समांतर काही जोडायचं असेल तेव्हा इम्पीडन्सऐवजी ॲडमिटन्स (इम्पीडन्सचा व्युत्क्रम) बघतात, कारण समांतर जोडलेल्यांचे ॲडमिटन्स सरळ बेरजेने वाढतात. चार्टवर ॲडमिटन्स काढायचा म्हणजे ठिपक्यातून मध्याच्या पलीकडे तेवढ्याच अंतरावर जायचं. आकड्यात करून बघा. ०.५ − जे०.५ याचा व्युत्क्रम १ + जे१. खरा भाग आपोआप १ झाला, म्हणजे ५० ओमला जे हवं तेच. उरला फक्त + जे१, ही समांतर कॅपॅसिटन्स. तेवढीच समांतर इंडक्टन्स जोडा, ती निघून जाते आणि तुम्ही बरोबर मध्यावर. रेझोनन्सवर असताना तुमचा २५ ओमचा ठिपका या वाटेवर नव्हताच. कापल्याने तो वाटेवर आला.

लागणारी इंडक्टन्स म्हणजे ५० ओम रिॲक्टन्स, १४५ मेगाहर्ट्झला ५५ नॅनोहेन्री. ती केसांच्या आकड्यासारख्या वाकवलेल्या तारेने मिळते. तीन मिलिमीटर जाडीची तार, दोन पायांत मध्यापासून मध्यापर्यंत २५ मिलिमीटर अंतर, आणि लांबी पाच सेंटीमीटरच्या आतबाहेर. मी सात सेंटीमीटरचे दोन पाय घेते आणि आडवी पट्टी सरकवत नेते, सापडलं की डाग देऊन पक्की करते. एकच अट आहे. ड्रिव्हन एलिमेंट मधोमध तुटलेलं आणि बूमपासून (ज्या लांब नळीवर सगळी एलिमेंट बसतात तिच्यापासून) इन्सुलेट केलेलं हवं. ते एकसंध नळी असेल तर हेअरपिन बसणार नाही, तिथे गॅमा मॅच या जुळणीच्या दुसऱ्या पद्धतीचा विचार करा. ती वेगळी कहाणी आहे.

सरकवताना पडद्यावर काय दिसेल ते आधीच सांगून ठेवते. पट्टी फीडपॉइंटपासून लांब असेल तर ठिपका मध्यापर्यंत पोहोचत नाही, खालीच अडकतो. फार जवळ आणलीत तर मध्य ओलांडून वर जातो. त्यामुळे खालीवर करणं हे पट्टीचं काम. पण ठिपका आडव्या रेषेवर येऊनही मध्याच्या डावीकडे, समजा ४० ओमवर, बसला तर पट्टी कितीही हलवून उपयोग नाही. तेव्हा एलिमेंट अजून थोडं कापायचं. उजवीकडे, ६० ओमवर, बसला तर एलिमेंट जास्त कापलं गेलंय, लांब करायचं. म्हणून एलिमेंटच्या टोकाला सरकणारा आतला तुकडा ठेवावा आणि नळीला होज क्लिप लावावी, कायमचं कापू नये. तुमचं कापून झालेलं आहे, तेव्हा टोकाला तेवढा तुकडा आत सारून तशी सोय करून घ्या.

कुठल्या दिशेला चुकलंय आणि त्यासाठी कोणता स्क्रू फिरवायचा, हे चार्ट असा सांगतो. एसडब्ल्यूआरचा आकडा फक्त 'चुकलंय' एवढंच सांगून गप्प बसतो. तुमच्या दुसऱ्या प्रश्नाचं माझं उत्तर हेच आहे. हिशेब कॅल्क्युलेटरलाच करू द्या, मीही कागदावर क्वचितच करते. सिमस्मिथसारखं सॉफ्टवेअर एका क्षणात दहा प्रकार करून दाखवतं. पण त्याला कोणता प्रकार विचारायचा आणि आलेलं उत्तर खुळचट आहे का, हे कळायला ठिपका कुठून कुठे सरकेल याचा अंदाज डोक्यात असावा लागतो.

परीक्षेतल्या सिंगल स्टबचा उल्लेख तुम्ही केलात, 'पेपरात जमतं, गच्चीवर नाही'. पेपरात लोड (केबलच्या टोकाला जोडलेला इम्पीडन्स, इथे अँटेना) दिलेला असतो, गच्चीवर तो शोधावा लागतो, एवढाच फरक. तुमच्या उदाहरणात तोच स्टब बसवायचा तर काय होईल? ॲडमिटन्स लोडपाशीच १ + जे१ आहे, म्हणजे स्टबचं अंतर शून्य. शॉर्ट केलेला स्टब एक अष्टमांश तरंगलांबीचा, आरजी-५८मध्ये १७ सेंटीमीटर, फीडपॉइंटलाच समांतर जोडायचा. गणितात दुसरं उत्तरही निघतं. लोडपासून ०.१७६ तरंगलांबी, म्हणजे २४ सेंटीमीटर खाली आलं की ॲडमिटन्स १ − जे१ होतो. तिथे टोक मोकळं ठेवलेला १७ सेंटीमीटरचा स्टब लावायचा. पेपरात दोन्हींना सारखे गुण. गच्चीवर मी पहिलाच घेईन, कारण दुसऱ्यात पावसाचं पाणी शिरायला केबलच्या मधोमध एक जास्तीचा सांधा होतो. कोकणात एक पावसाळा काढलेला असा सांधा उघडून बघा, आतली जाळी हिरवीगार झालेली असते.

घटीबद्दल मघाशी ओझरतं बोलले, पण त्यावर थोडं थांबायला हवं, कारण तिनेच मला सर्वात मोठा धडा दिला. नोकरीच्या सुरुवातीच्या वर्षांत एका टेकडीवरच्या व्हीएचएफ रिपीटरची (आलेला सिग्नल पुन्हा पुढे पाठवणाऱ्या रेडिओची) रेंज वादळानंतर अचानक गेली. खाली केबिनमध्ये मीटर लावला, एसडब्ल्यूआर १.७. आमचे वरिष्ठ म्हणाले, 'अँटेना ठीक आहे, रेडिओ बघा.' दोन दिवस रेडिओ उघडून बसलो. तिसऱ्या दिवशी कोणीतरी टॉवरवर चढला, तर अँटेना जागेवर नव्हताच, केबलचं टोक वाऱ्यावर डोलत होतं. केबल होती तीस मीटर आरजी-५८. जाताना सहा डेसिबल, येताना सहा. सगळीच्या सगळी लाट वरून परत फिरली तरी खाली बारा डेसिबल दबून येते, परावर्तन गुणांक ०.२५, एसडब्ल्यूआर १.६७. चार्टवर बघायचं तर काठावरचा ठिपका गोल गोल फिरत आत मध्याकडे येतो, पाणी मोरीत जाताना फिरतं तसा. तेव्हापासून कोणी 'खाली १.५ येतोय' म्हणालं की मी आधी केबल कोणती आणि किती लांब, ते विचारते.

एक गोष्ट मात्र चार्टच्या आवाक्याबाहेरची आहे. मोजत असताना केबल हातात धरून बघा. ठिपका हलला तर केबलच्या जाळीच्या बाहेरच्या अंगावरून प्रवाह वाहतोय, म्हणजे केबलही अँटेनाचा भाग झाली आहे. तेव्हा वरचं सगळं गणित लटकं पडतं, कारण तुम्ही एक लोड मोजतच नाही आहात. यागीचं ड्रिव्हन एलिमेंट दोन्ही बाजूंनी सारखं असतं आणि केबल तशी नसते, म्हणून फीडपॉइंटला चोक (हा बाहेरचा प्रवाह अडवणारा अडसर) हवाच. केबलवर फीडपॉइंटच्या अगदी जवळ फेराइटच्या नळ्या चढवल्या तर बहुतेक वेळा भागतं, पण त्या व्हीएचएफला चालणाऱ्या मटेरियलच्या हव्यात. जुन्या मॉनिटरच्या वायरीवरच्या नळ्यांचा भरवसा धरू नका. हा तपास कॅलिब्रेशननंतर, हेअरपिनच्या आधी करा. गच्चीवर पाण्याची टाकी किंवा लोखंडी कठडा मीटर-दीड मीटरवर असेल तर अँटेना तिथून हलवूनही एकदा मोजा. टाकी भरलेली आणि रिकामी असताना आकडे वेगळे आलेले मी पाहिलेत.

कागदाचा चार्ट घ्यावा का, हेही तुम्ही विचारलंय. दोनचार गणितं कागदावर जरूर करा, हाताला वळण लागतं. फक्त झेरॉक्स काढलीत तर मध्यापासून वर आणि मध्यापासून बाजूला अशी दोन अंतरं पट्टीने मोजून घ्या. आमच्या कॉलेजजवळच्या दुकानातलं मशीन कागद एका बाजूने किंचित ताणायचं. माझं जर्नलमधलं वर्तुळ कधीच पूर्ण जुळायचं नाही आणि कित्येक दिवस मी कंपासला दोष देत होते.

आता क्रमाने करा. केबलच्या वरच्या टोकाला कॅलिब्रेशन, मग पट्टी लावून तपासणी, मग केबल हातात धरून बघणं, मग १४४, १४५ आणि १४६ला वरचा इम्पीडन्स. हे तीन आकडे आणि केबलच्या वेष्टनावर छापलेलं नाव इथे लिहा. तुमचं ड्रिव्हन एलिमेंट बूमवर कसं बसवलंय याचा एक फोटोही टाका, कारण हेअरपिन की गॅमा हे त्याच्यावर ठरेल.